हळद नव्हे

आमच्या कुळागरात, म्हणजे पोफळीच्या बागेत, पाटाच्या कडेला फणसाचा एक ओंडका तीन वर्षं कुजत पडला आहे. 2024च्या जुलैत, पावसाने सलग आठवडाभर उसंत दिली नव्हती तेव्हा, त्या ओंडक्यावर एका रात्रीत पिवळंधमक काहीतरी आलं. आदल्या संध्याकाळी मी तिथूनच पोफळीच्या विऱ्या ओढून नेल्या होत्या, तेव्हा नव्हतं. सकाळी पाहते तर कुणी हळद कालवून ओतावी तसा तळहाताएवढा थर. सासूबाई छत्री धरून मागे येऊन उभ्या राहिल्या.

"कितें गो तें?"

"बुरशी असेल, आई."

"मग बघत काय राहिलीस? मोरचूद-चुना मार त्याच्यावर. पोफळींना लागलं तर सुपारी गळून जाईल."

पावसाळ्यात कोळेरोगाने सुपारी गळताना ज्यांनी पाहिली आहे त्यांना ही भीती सांगावी लागत नाही. पण फवारणीआधी मी फोटो काढून एका मैत्रिणीला पाठवला. ती कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवते. पाच मिनिटांत तिचा फोन. "फवारू नकोस! बुरशी नाही ती. स्लाइम मोल्ड आहे, बहुतेक फुलिगो. तुझ्या पोफळींना काही करणार नाही, कुजक्या लाकडावरचे जीवाणू खाते बिचारी."

मराठीत याला श्लेष्मकवक म्हणतात. नावात कवक असलं तरी जात कवकाची नाही. पूर्वी त्याला बुरशीतच गणत, आता अमीबाच्या गोतावळ्यात धरतात. मी ओंडक्याची एक ढलपी काढून घरी आणली, डब्यात ठेवली, आणि दोन दिवसांत तिच्यावर पापुद्रा धरून आत काळपट तपकिरी भुकटी झाली. मुलगा अकरावीत आहे. त्याने विचारलं, "मेलं?" मैत्रीण म्हणाली, "मेलं नाही, बीजाणू सोडले. जंगलातलं घरात पाळायचं म्हणजे असंच व्हायचं. तुला खरंच हौस असेल तर आमच्या प्रयोगशाळेतलं देते."

तिने दिलं ते एका कागदाच्या चिठोऱ्यावर वाळलेलं नारिंगी खरपुडं. फिझॅरम पॉलिसेफॅलम असं भारदस्त नाव. पॉलिसेफॅलम म्हणजे अनेक डोक्यांचं, आणि गंमत अशी की डोकं एकही नाही. मेंदू नाही, मज्जातंतू नाहीत. सगळा पसारा मिळून एकच पेशी, आणि त्या पेशीत केंद्रकं लाखांनी. हातभर पसरलं तरी मध्ये कुठे भिंत नाही. तुकडे केले तर प्रत्येक तुकडा आपापला जगतो, आणि दोन तुकडे पुन्हा भेटले तर मिसळून एक होतात.

मैत्रिणीने त्याच बैठकीत टोकियोची गोष्ट सांगितली, आणि तिथेच मी अडकले. जपानमधल्या तोशियुकी नाकागाकी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2000 साली हे फिझॅरम एका छोट्या चक्रव्यूहात पसरू दिलं आणि दोन टोकांना खाणं ठेवलं. काही तासांत ते आंधळ्या बोळांतून मागे सरलं आणि दोन्ही टोकांना जोडणारी, सर्वांत जवळच्या वाटेची एकच जाड शीर उरली. मग 2010 साली आत्सुशी तेरो, नाकागाकी आणि मंडळींनी टोकियो परिसराच्या नकाशावर शहरांच्या जागी ओटचे 36 दाणे ठेवले आणि टोकियोच्या जागी फिझॅरम सोडलं. सव्वीस तासांत त्याने जे जाळं विणलं ते तिथल्या रेल्वेच्या जाळ्याशी तुलना करण्याइतकं चांगलं निघालं. या दोन्ही कामांना इग्नोबेल मिळालं, एकाला 2008 साली, दुसऱ्याला 2010 साली. आधी हसवणारं आणि मग विचार करायला लावणारं संशोधन त्या पारितोषिकासाठी निवडतात.

आमचं घर म्हार्दोळच्या पलीकडे. मी पणजीत एका खाजगी कार्यालयात हिशेब बघते. बाणस्तारीचा पूल, जुने गोवे, पणजी, आणि संध्याकाळी तेच उलटं, अशी बावीस वर्षं झाली. बसच्या खिडकीतून रस्ते बघण्यात माझं अर्धं आयुष्य गेलं. त्यामुळे टोकियो ऐकताच मनात पहिला प्रश्न आला तो हाच, की याला गोवा दिला तर काय करील?

पण गोवा द्यायच्या आधी ते जगवायला हवं होतं, आणि त्यात तीन आठवडे गेले.

त्याला ओलसर, अळणी पृष्ठभाग लागतो. प्रयोगशाळेत अगार वापरतात. फोंड्याच्या बाजारात किराणावाल्याकडे चायना ग्रास मिळतं, तेच ते. दहा ग्रॅम अर्ध्या लिटर पाण्यात उकळायचं, साखर-दूध काही न घालता, आणि पसरट डब्यात ओतून थिजू द्यायचं. सासूबाईंना वाटलं मी खरवसासारखं काही करते आहे. पहिल्या खेपेला घरात होते ते मसाला ओट्स घातले. खरपुडं पाणी पिऊन रात्रीत जिवंत झालं, पिवळा पंखा उघडावा तसं पसरलं, आणि ओट्सच्या अलीकडे बोटभर अंतरावर थांबलं. दोन दिवस तिथेच. मग मैत्रिणीने डोक्याला हात लावला, "अगं, मीठ! मिठाचा त्याला तिटकारा असतो." साधे ओट्स आणले तेव्हा कुठे घास घेतला.

दुसरी खेप हिरव्या बुरशीने खाल्ली. श्रावणात गोव्यात चामड्याची चप्पल कपाटात ठेवली तरी तिच्यावर बुरशी येते, तिथे ओले ओट्स काय टिकणार. तिसऱ्या खेपेला मुंग्या आल्या. त्यावर उपाय सासूबाईंनीच केला. गुळाचा डबा ठेवतात तसा माझा डबा पाण्याने भरलेल्या परातीत ठेवला. तोवर त्यांनी त्याचं नावही ठेवून टाकलं होतं, पिवळी. गोठ्यात एके काळी गाई होत्या त्यांची नावं अशीच असत. ते नाव घरात रुळलं, आणि माझी एक अडचण सुटली, कारण 'ते' म्हणावं की 'तो' म्हणावं हे मला काही केल्या ठरवता येत नव्हतं.

चौथ्या खेपेला पिवळी पळाली. परातीतलं पाणी आटलं होतं. सकाळी फडताळ उघडलं तर डब्याच्या झाकणाच्या फटीतून बाहेर पडून, फळीवरून अर्धी वीत चालत, ती पोह्यांच्या डब्याच्या तोंडाशी पोचली होती. तासाला सेंटिमीटरभर हा तिचा साधारण वेग, म्हणजे रात्रभराचा प्रवास. मागे फळीवर गोगलगाय गेल्यासारखा चकचकीत माग. तो माग मी पुसला, आणि नंतर कळलं की तो नुसता चिकटपणा नसतो. ख्रिस रीड आणि सहकाऱ्यांनी 2012 साली दाखवलं की जिथून आपण आधी जाऊन आलो तिथला माग लागला की ही मंडळी ती वाट टाळतात. आठवण ठेवायला मेंदू नाही, म्हणून ती जमिनीवर लिहून ठेवायची. वाटाण्याएवढ्या जिवाला ही युक्ती सुचली म्हणायचं मनात येतं, पण सुचली हा शब्द इथे बसत नाही. या प्रयोगात मला सर्वांत जास्त त्रास क्रियापदांनी दिला. ठरवलं, निवडलं, शोधलं, कंटाळली. मराठीत यांतलं प्रत्येक क्रियापद कुणीतरी आत बसलं आहे असं गृहीत धरतं.

आत काय चालतं ते मुलाच्या फोल्डस्कोपखाली दिसलं. शाळेच्या एका कार्यशाळेत त्याला ते कागदी सूक्ष्मदर्शक मिळालं होतं. पिवळीच्या शिरेतून कणाकणांचा रस धावत होता, सरसर एका दिशेने. मग मंदावला, थांबला, आणि उलटा वाहू लागला. मिनिटभर इकडे, मिनिटभर तिकडे. शिरेची भिंत आकसते आणि सैलावते, आपल्या स्नायूंत असतात तशाच प्रथिनांच्या जोरावर, आणि त्या आकसण्याची लाट सगळ्या अंगभर फिरते. सासूबाईंना दाखवलं. त्यांचं माहेर कुंभारजुव्याचं, खाजनाच्या, म्हणजे खाडीकाठच्या शेतजमिनीच्या, बांधावर लहानपण गेलेलं. एक डोळा मिटून त्यांनी बराच वेळ बघितलं आणि म्हणाल्या, "भरती-सुकती." आणि मग, "मानशीच्या तोंडाशी असंच दिसतं." मानस म्हणजे खाजनाच्या बांधातलं, पाणी अडवणारं आणि सोडणारं दार.

याहून नेमकं मला कुणी सांगितलेलं नाही. खाडीच्या पाण्याला कुठे जायचं हे ठाऊक नसतं, ते भरतीला आत येतं, सुकतीला बाहेर जातं, आणि जिथून जास्त पाणी ये-जा करतं तो ओहळ खोल होत जातो. पिवळीचं जाळं याच नियमावर चालतं. ज्या शिरेतून जास्त रस वाहतो ती जाड होते. जाड झाली की तिच्यातून आणखी वाहतो. ज्या शिरेतून कमी वाहतो ती बारीक होत होत आटते, आणि तिच्यातला ऐवज दुसरीकडे वापरला जातो. नळीची त्रिज्या दुप्पट झाली तर तेवढ्याच दाबाने तिच्यातून सोळापट वाहतं, म्हणून सुरुवातीचा इवलासा फरकही भराभर वाढतो. तेरो मंडळींनी हाच नियम गणितात मांडला आणि संगणकावरही टोकियोसारखंच जाळं मिळवलं. वर बसून नकाशा बघणारा कुणी लागत नाही. प्रत्येक शिरेला फक्त स्वतःतून किती वाहतं एवढंच कळलं की पुरतं, आणि ते कळणंसुद्धा म्हणजे भिंतीवर पडणारा ताण, दुसरं काही नाही.

आता गोवा. पेडणे ते काणकोण सरळ रेषेत ऐंशी किलोमीटरच्या आसपास भरतं. एका सेंटिमीटरला पाच किलोमीटर धरले तर सोळा सेंटिमीटर. पारदर्शक पसरट डब्याखाली नकाशा ठेवला आणि वरून चायना ग्रासवर ओटचे दाणे मांडले. पेडणे, म्हापसा, डिचोली, साखळी, वाळपई, पणजी, जुने गोवे, फोंडा, धारबांदोडा, कुठ्ठाळी, वास्को, मडगाव, केपे, कुडचडे, सांगे आणि काणकोण. शनिवारी रात्री आठ वाजता पणजीवर पिवळीचा तुकडा ठेवला. उजेड तिला सोसत नाही, त्यातही निळा जास्त, म्हणून चवथीच्या मखरासाठी आणलेला लाल जिलेटिन कागद टॉर्चला गुंडाळला आणि दर दोन तासांनी फोटो काढायचे ठरवलं. पहाटेचे फोटो मुलगा काढणार होता. पहाटेचे फोटो नाहीत.

रविवारी सकाळी पिवळी म्हापशाला पोचली होती, आणि वास्कोलाही. वास्कोला ती कशी गेली ते बघून मला हसू आलं. दोना पावल्याकडून सरळ समुद्रातून! पणजी ते वास्को सरळ रेषेत जेमतेम अकरा किलोमीटर, डब्यात दोन सेंटिमीटर. आम्ही कुठ्ठाळीवरून वळसा घालतो तो मध्ये झुआरीचं तोंड आहे म्हणून. तिला नदीच माहीत नव्हती.

दुपारी ती फोंड्यात होती, रात्री पेडणे, साखळी आणि मडगाव. या टप्प्यावर तिच्यात जाळं-बिळं काही नव्हतं. सगळीकडे थर, नुसता साय धरल्यासारखा. जिथे दाणे नव्हते तिथेही गेली होती, डब्याच्या कडेला अरबी समुद्रात खोलवर आणि पूर्वेला थेट कर्नाटकात. मी निराश झाले, खरं सांगते. मला वाटलं होतं ती पणजीहून म्हापशाकडे रेघ ओढेल, मग म्हापशाहून पेडण्याकडे. रेघा ओढणं माझी पद्धत आहे. तिची पद्धत म्हणजे आधी सगळीकडे जायचं आणि मग जिथे काही नाही तिथून अंग काढून घ्यायचं.

अंग काढून घेण्याचे दोन दिवस मात्र बघत राहावे असे होते. सोमवारी कामावरून आले तर समुद्र रिकामा झाला होता. मंगळवारी थराला भोकं पडली, भोकं वाढली आणि मधल्या पट्ट्या शिरा झाल्या. म्हापसा-पणजी ही शीर सुतळीएवढी. कुडचडे, सांगे, केपे जवळजवळ आहेत, त्यांचा एक छोटा त्रिकोण झाला. काणकोणला ती मडगावहून गेली नाही, केप्याहून गेली. नवरा डब्यावर वाकून म्हणाला, "करमल घाट कोण चढणार? शहाणी आहे." पण तिने घाट टाळला नव्हता, डब्यात घाटच नव्हता. केपे काणकोणला सरळ रेषेत जवळ पडतं, इतकंच. तिच्या हुशारीच्या बातम्या वाचताना हा फरक ध्यानात ठेवावा असं मला वाटतं. सपाट डब्यातला गोवा हा गोवा नव्हे.

म्हणून दुसऱ्यांदा नद्या घातल्या. टोकियोच्या प्रयोगात समुद्र आणि डोंगरांच्या जागी प्रकाश पाडला होता. मी पुठ्ठ्यात मांडवी-झुआरी कापून वर टेबललॅम्प लावला. दिव्याच्या उष्णतेने चायना ग्रास कडेने सुकून उचललं गेलं आणि झाकणाला वाफ धरली. पिवळीने वाळून पुन्हा खरपुडं व्हायचा मार्ग पत्करला. एवढ्यात चवथ आली. सासूबाईंनी स्पष्ट सांगितलं की माटोळी, म्हणजे गणपतीवरचं फळापानांचं छत, बांधली की विसर्जनापर्यंत हा प्रकार घरात नको. पिवळी पाच दिवस मोटारीच्या खोपटात राहिली. एक उंदीर आणि ओट्स यांबद्दल जास्त लिहीत नाही.

तिसऱ्यांदा दिव्याचा नाद सोडला. चायना ग्रासच सुरीने कापून नद्यांच्या जागी पट्ट्या काढून टाकल्या. कोरडं प्लॅस्टिक ती ओलांडू शकते, पण सहसा ओलांडत नाही. तेव्हा नीट लक्षात आलं की तिसवाडी हे बेट आहे. रोज बाणस्तारीचा पूल ओलांडते, पण कुंभारजुव्याची खाडी मांडवी आणि झुआरीला जोडते आणि पणजी चारी बाजूंनी पाण्यात आहे हे सुरी फिरवताना हाताला कळलं. बाहेर पडायला मी तीन पूल ठेवले, चायना ग्रासच्या अर्ध्या सेंटिमीटरच्या पट्ट्या. उत्तरेला मांडवीवर एक, दक्षिणेला कुठ्ठाळीला झुआरीवर एक, पूर्वेला बाणस्तारीला एक. शिवाय बोरीचा पूल. साखळी-वाळपईकडे नदी कापलीच नाही, तिथे मोकळीक ठेवली.

या खेपेला पिवळी पुलांपाशी दाटली. मांडवीच्या पट्टीवर तर तिची जाडी इतकी की सासूबाई म्हणाल्या, "सकाळी नऊ वाजता असंच असतं ना गो?" असंच असतं. चौथ्या दिवशी जे जाळं उरलं त्यात एक मोठं कडं स्पष्ट होतं. पणजी, कुठ्ठाळी, मडगाव, बोरी, फोंडा, बाणस्तारी, पणजी. गोव्यात बसने फिरणाऱ्या कुणालाही हे कडं तोंडपाठ असतं. वास्को कुठ्ठाळीहून फुटलेल्या फांदीवर. वर म्हापसा आणि पेडणे. आणि साखळीहून फोंड्याकडे येणारी एक अगदी बारीक शीर, शिवणाच्या दोऱ्याएवढी. ती मला फुकटची वाटली. म्हापसा पणजीशी जोडलेलं, फोंडा पणजीशी जोडलेला, मग ही कशाला? मुलगाही म्हणाला, "वेस्ट आहे ही, आई. जाईल उद्या."

ती गेली नाही.

मी मूळची म्हापशाची. वडील पणजीत नोकरीला होते. 5 जुलै 1986 रोजी मांडवीवरचा पूल कोसळला तेव्हा मी तिसरीत होते. पूल पडला म्हणजे काय ते त्या वयात कळलं ते असं, की वडील आता काळोखात उठतात, बेतीला फेरीबोटीच्या रांगेत उभे राहतात, आणि रात्री येतात तेव्हा आम्ही झोपलेले असतो. पावसाळ्याचे दिवस. छत्री, डबा आणि एका पिशवीत कोरडी पॅंट. आमच्या घरात कितीतरी वर्षं काळाची मोजणी 'पूल पडला त्याच्या आधी' आणि 'नंतर' अशी होत असे.

तर पाचव्या दिवशी मी मांडवीचा पूल कापला. दाढीचं पातं घेतलं आणि ती पट्टी शिरेसकट उचलून काढली. नवरा म्हणाला, "अगं, काय हे!" कापलेल्या दोन्ही टोकांना पिवळा थेंब जमला आणि काही मिनिटांत बंद झाला, रक्त गोठावं तसा. तासाभराने उत्तरेकडचं टोक नदीच्या कोरड्या पट्टीकडे थोडं पसरलं आणि परत फिरलं. मी रात्री एक वाजेपर्यंत बघत बसले. काही नाही. फोल्डस्कोपखाली धरायला डबा हलवता येत नव्हता, पण मुलाच्या फोनच्या भिंगातून त्या दोऱ्याएवढ्या साखळी-फोंडा शिरेत रस धावताना दिसत होता, आदल्या दिवसापेक्षा जोरात, असं मला वाटलं. वाटलं म्हणते, कारण मोजलं नव्हतं.

सकाळी मोजण्याची गरज नव्हती. दोऱ्याची सुतळी झाली होती. संध्याकाळपर्यंत म्हापसा, डिचोली, साखळी, फोंडा ही एक सलग जाड शीर, आणि त्याचबरोबर बाणस्तारीचा पूलही फुगलेला, कारण उत्तरेचं सगळं आता तिथून पणजीला येत होतं. उलट पणजीहून तुटलेल्या पुलाकडे जाणारा तुकडा पातळ होऊन नाहीसा झाला. बेतीला कुणी रांगेत उभं राहिलं नाही.

मैत्रिणीला फोटो पाठवले तर तिने दोन गोष्टी सुनावल्या. पहिली, की एकदा झालेलं म्हणजे प्रयोग नव्हे. संशोधक हेच पुन्हा पुन्हा करतात आणि दर वेळी जाळं थोडं वेगळं येतं. खरं आहे. मी पुढे दोनदा केलं. एकदा साखळी-फोंडा शीर राहिली, एकदा आधीच आटली होती, आणि त्या खेपेला पूल कापल्यावर उत्तर गोव्याची एक स्वतंत्र पिवळी झाली, आपल्या पाच दाण्यांवर सुखाने. दुसरी गोष्ट तिने सांगितली ती अशी, की टोकियोच्या कामातही महत्त्व याच जास्तीच्या दुव्यांना होतं. सगळी शहरं कमीत कमी लांबीत जोडायची तर एकही कडं ठेवता येत नाही, पण मग एक दुवा तुटला की जाळ्याचे दोन तुकडे. पिवळी त्या दोन टोकांच्या मध्ये कुठेतरी राहते. थोडा खर्च जास्त, थोडा धोका कमी. किती जास्त आणि किती कमी, हे त्यांच्या गणितात एक आकडा बदलून हलवता येतं. पिवळीत तो आकडा कुठे आहे, असं मी विचारलं. "भुकेत, ओलाव्यात, रसाच्या जोरात," ती म्हणाली, "आणि थोडा नशिबात."

मुलाला कॉफी घालून बघायची होती. फ्रान्समधल्या ऑद्रे द्युसूतूर यांच्या गटाने 2016 साली दाखवलं आहे की कॅफीन किंवा क्विनीन लावलेल्या पुलावर फिझॅरम पहिल्यांदा अडखळतं, रोज तोच पूल ओलांडावा लागला की काही दिवसांत बिनदिक्कत जातं, आणि मध्ये विश्रांती मिळाली की पुन्हा अडखळतं. पुढे त्यांना असंही दिसलं की सवय झालेला तुकडा न झालेल्याशी मिसळला की दुसऱ्यालाही ती सवय लागते. मुलाने फिल्टर कॉफी घातली, दुधाची. त्या डब्याचं काय झालं ते वासावरून शेजारच्या काकींनाही कळलं.

ऑक्टोबरात पाऊस ओसरला आणि कुळागरात पाट मोकळे करायचे दिवस आले. सासूबाई कुदळ घेतलेल्या गड्याच्या मागे उभ्या राहून हा पाट बुजव, तो फोड असं सांगत होत्या. पावसाळ्यात झऱ्याचं पाणी जिथून जास्त गेलं ते पाट आपोआप स्वच्छ राहिले होते, जिथून गेलं नाही तिथे गाळ आणि गवत. खालच्या अंगाला एक जुना पाट आहे, वर्षानुवर्षं कोरडा. गड्याने विचारलं, बुजवू का? त्या म्हणाल्या, "राहू दे तो." कारण सांगितलं नाही, आणि मीही विचारलं नाही.

हवा कोरडी होऊ लागली तशी मी पिवळीला गाळण कागदावर चढवून सावकाश वाळवली. असं वाळलेलं खरपुडं वर्षभर सहज टिकतं. तुकडे पाकिटात घालून पाकीट एका छोट्या स्टीलच्या डबीत ठेवलं. दुसऱ्याच दिवशी सासूबाई ती डबी उघडून आमटीच्या टोपाजवळ घेऊन गेलेल्या, तेव्हा मुलाने तिच्यावर मार्करने ठळक लिहिलं, 'हळद नव्हे'.

काल, मेच्या अखेरीस, वळवाचा पहिला पाऊस झाला. मी डबी उघडली, एक तुकडा ताज्या चायना ग्रासवर ठेवला, वर पाण्याचे चार थेंब टाकले आणि शेजारी साधा ओटचा एक दाणा. रात्री अकरापर्यंत काही हललं नव्हतं. सकाळी सासूबाई माझ्या आधी उठून डब्यापाशी गेलेल्या होत्या, आणि चहा घेतानाच म्हणाल्या, "एका बाजूने थोडी ओली दिसते. तू बघ. मला चष्म्याशिवाय नक्की सांगता येत नाही."